एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही : अकादमिक चित्रांतले पुराणातले प्रेमिक

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्रांस्वा जेरार या चित्रकाराचं १७९८ सालचं एक मोठं चित्र आहे, उंची साधारण सहा फूट. मोकळ्या माळावर एक तरुण मुलगी बसलीय, कमरेखाली झिरझिरीत वस्त्र. एक पंखवाला तरुण तिच्यावर वाकून तिच्या कपाळावर ओठ टेकवतोय. त्याचे हात तिच्याभोवती आलेत, पण तिला धरलंय असं काही वाटत नाही. आणि ती? ती समोर बघतेय, पण कशाकडेच नाही. लाजली नाही, हसली नाही, दचकली नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चित्रकाराला चेहरा काही साधला नाही.

तो उत्तम साधलाय. तिला हा तरुण दिसतच नाहीये, म्हणून ती अशी. आपण दोघांना बघतोय, तो तिला बघतोय आणि ती बिचारी आपल्याला हे नक्की काय झालं, वाऱ्याची झुळूक आली की काय, अशा बुचकळ्यात. तिच्या डोक्यावर एक फुलपाखरू तरंगतंय. ग्रीकांमध्ये आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द होता, तो म्हणजे ‘सायकी’. हेच या मुलीचंही नाव. पंखवाला तो क्युपिड, प्रेमाचा देव.

अकादमिक शैलीतली पुराणातल्या प्रेमिकांची चित्रं आज बघताना अनेकांचा गोंधळ होतो. सगळं गुळगुळीत, सगळे गोरेगोमटे, कपडे नावापुरते आणि वर नावं ओळखीची नाहीत. ‘छान आहे’ म्हणून माणूस पुढे सरकतो. ही चित्रं कशी वाचायची त्याची एक किल्ली मला फार उपयोगी पडते. यांतली बरीचशी चित्रं मीलनाची नसतातच. दोघांपैकी एकाला काहीतरी ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, असा एक क्षण चित्रकाराने निवडलेला असतो. तिसरे आपण, ज्यांना दोघांचंही ठाऊक आहे. चित्रातली सगळी गंमत या तिघांच्या हिशेबात असते.

आधी सायकीची गोष्ट थोडक्यात, कारण चित्रकारांनी ती किती वेळा काढली याला सुमार नाही. दुसऱ्या शतकात अपुलेयस नावाच्या लेखकाने ती लॅटिनमध्ये लिहून ठेवली. एका राजाच्या तीन मुलींपैकी धाकटी इतकी सुंदर, की लोक व्हीनस देवीला सोडून तिच्याच पाया पडू लागले. व्हीनस संतापली. आपल्या मुलाला, क्युपिडला, तिने सांगितलं की जा आणि या पोरीला एखाद्या भणंगाच्या प्रेमात पाड. चिरंजीव गेले आणि स्वतःच प्रेमात पडले. मग एका अद्भुत महालात तो रोज रात्री अंधारात तिच्याकडे यायचा. अट एकच : माझं तोंड बघायचं नाही. बहिणींनी कान भरले, नवरा राक्षस असेल म्हणाल्या. सायकीने एका रात्री दिवा पेटवून पाहिलं, तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडला, तो जागा झाला आणि उडून गेला. पुढे तिच्या नशिबी सासूने दिलेली एकाहून एक अवघड कामं आणि शेवटी देवांच्या कृपेने अमरत्व.

आपल्याकडे उर्वशी आणि पुरुरव्याची गोष्ट माहीत असलेल्यांना इथे ओळख पटेल. तिथेही न बघण्याचीच अट आहे, फक्त उलट बाजूने : पुरुरवा उर्वशीला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांनी वीज चमकवली, तो दिसला, उर्वशी गेली. उजेड पडला आणि संसार मोडला, दोन्हीकडे.

आता ‘अकादमिक’ म्हणजे काय ते बघू. फ्रान्समध्ये १६४८ साली राजाश्रयाखाली चित्रकला आणि शिल्पकलेची अकादमी स्थापन झाली. चित्रकला ही सुतारकामासारखी हातकारागिरी नाही, तिला बुद्धी लागते, हे सिद्ध करायचं हा तिचा एक मोठा हेतू. त्यातूनच चित्रविषयांची उतरंड ठरली. आंद्रे फेलिबियाँ या कलाविषयक लेखकाने १६६७ मध्ये ती लिहूनही काढली. सगळ्यात वर इतिहास, धर्म आणि पुराणकथा. त्याखाली व्यक्तिचित्रं, रोजच्या जीवनातले प्रसंग, निसर्गदृश्यं. आणि तळाला फळं, भांडी, फुलं अशी निर्जीव वस्तूंची चित्रं. तर्क असा, की सफरचंद कुणीही बघून काढेल. ज्या प्रसंगाला कुणीच पाहिलेलं नाही तो उभा करायला वाचन लागतं, कल्पना लागते आणि माणसाचं शरीर आतून-बाहेरून कळावं लागतं.

शरीराची ही विद्या शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. विद्यार्थी आधी छापील चित्रांवरून नक्कल करायचा, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतींवरून आणि ते जमल्यावरच जिवंत मॉडेलवरून. हा क्रम नीट लक्षात घेतला की या चित्रांतली माणसं एकमेकांची चुलत भावंडं का वाटतात ते कळतं. समोर खरीखुरी बाई येईपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात पुतळाच इतका मुरलेला असायचा की तिच्या पोटाची वळी, गुडघ्याचा काळपटपणा, पावलाची भेग हे सगळं तो आपसूक ‘दुरुस्त’ करून टाकायचा. मग रंग. आधी लहान कच्चा आराखडा, मग कॅनव्हासवर छायाप्रकाशाची पायाभरणी, मग पातळ थरांवर थर. शेवटी ब्रशचा एकही फटकारा दिसता कामा नये. बायकांना पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला तो थेट १८९७ साली, त्यामुळे उतरंडीच्या वरच्या पायरीवर पुरुषांचीच मक्तेदारी. चित्रांतलं नग्नत्व बहुतेक वेळा कुणाच्या नजरेने येतं, हे त्यातच आलं.

आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे सालॉन. हे अकादमीचं अधिकृत प्रदर्शन. तिथे चित्र लागलं, गाजलं, सरकारने विकत घेतलं की चित्रकाराचं घर चाललं. हजारो लोक बघायला यायचे, भिंती छतापर्यंत चित्रांनी भरलेल्या. अशा गर्दीत आपल्या चित्रापाशी माणूस थांबला पाहिजे, तर विषय उच्च हवा, शरीर सुंदर हवं आणि प्रसंगात काहीतरी ताण हवा. पुराणातले प्रेमिक या तिन्ही अटी एका फटक्यात पुऱ्या करायचे. नग्नतेला तर ते परवानाच होते. शेजारणीचं असं चित्र काढलं असतं तर बोंब झाली असती, पण तिला व्हीनस म्हटलं की तेच चित्र सुसंस्कृत ठरे. यात ढोंग होतं का? होतंच. पण नुसतं ढोंग म्हणून ही चित्रं उडवून लावली तर त्यातलं डोकं दिसत नाही.

ते डोकं क्षणाच्या निवडीत आहे. चित्राला वेळ नसतो. कवीला ‘मग’ म्हणता येतं, चित्रकाराला नाही. त्याच्याकडे एकच पळ. लेसिंग या जर्मन विचारवंताने १७६६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता : चित्रकाराने असा क्षण धरावा की ज्यात आधीचं आणि पुढचं दोन्ही दडलेलं असेल. कळस दाखवला की बघणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला वाटच उरत नाही. म्हणून मिठी नको, मिठीच्या आधीचं किंवा नंतरचं हवं.

एकाच सायकीच्या गोष्टीत कोण कुठे थांबला ते बघा. जेरारने गाठला पहिल्या चुंबनाचा क्षण, तिला काहीच माहीत नसतानाचा. फ्रांस्वा-एदुआर पिकोने १८१७ मध्ये पहाट निवडली : क्युपिड पलंगावरून हळूच उतरतोय, सायकी गाढ झोपेत. इथेही तेच, एक जागा आणि एक अजाण. रात्री काय झालं ते आपण समजून घ्यायचं आणि दिव्याची रात्र येणार आहे हेही आपल्यालाच ठाऊक.

यापेक्षाही धाडसी खेळी आन-लुई जिरोदेने केली होती. तो जाक-लुई दाविदचा शिष्य. १७९१ मध्ये रोममध्ये शिकत असताना त्याने एन्डिमिऑनची झोप रंगवली. चंद्राची देवता डायना एका सुंदर मेंढपाळावर भाळते, तो चिरनिद्रेत आहे, ती रोज रात्री त्याला भेटायला येते, अशी कथा. कुणीही दुसरा चित्रकार असता तर डोक्यावर चंद्रकोर लावलेली देवी ढगावरून उतरताना दाखवली असती. जिरोदेने देवीला चित्रातून काढूनच टाकलं. एक पंखवाला खट्याळ मुलगा झाडाच्या फांद्या बाजूला सारतोय आणि त्या फटीतून चांदणं आत येतंय, झोपलेल्या तरुणाच्या छातीवर आणि चेहऱ्यावर. हे चांदणं म्हणजेच प्रेयसी. प्रेमिकांच्या चित्रात एक प्रेमिक निव्वळ प्रकाश झालाय. लूव्रमध्ये हे चित्र आहे, आकाराने आडवं आणि भलंमोठं. मला विचाराल तर अख्ख्या अकादमिक परंपरेत प्रेमाचं याहून हुशार चित्र सापडणं कठीण.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लेटनने १८६४ मध्ये ऑर्फियस आणि युरिडिसी काढले, तेव्हा या हिशेबाला आणखी पीळ दिला. ऑर्फियस मेलेल्या बायकोला पाताळातून परत नेतोय. अट, वर पोचेपर्यंत मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही. तिला अट माहीत नाही. ती त्याला बिलगतेय, माझ्याकडे बघत का नाहीस म्हणून व्याकुळ झालीय आणि तो तोंड फिरवून तिला ढकलतोय. वरवर बघणाऱ्याला हे भांडण वाटेल. गोष्ट माहीत असेल तर गलबलून येतं, कारण तो तिला ढकलतोय ते तिच्यावरच्या प्रेमानेच. हाच लेटन पुढे १८७८ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला.

हा हिशेब मोडला तर काय होतं? त्याचं उदाहरण जिरोदेच्या गुरूंनीच घालून दिलं. दाविद नेपोलियनच्या पाडावानंतर ब्रुसेल्समध्ये हद्दपारीत राहत होता. १८१७ मध्ये, म्हणजे पिकोच्याच साली, त्यानेही क्युपिड-सायकी काढले. आज ते अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. सायकी झोपलीय, क्युपिड पलंगावरून उठतोय, सगळं नेहमीसारखं. फक्त क्युपिड आपल्याकडे बघून हसतोय. तेही देवासारखं मंद नव्हे, पोरटं मोठ्या फुशारकीने दात काढावं तसं. अंगही पुतळ्यासारखं नाही, एखाद्या खऱ्याखुऱ्या पोरसवदा मुलाचं वाटतं. लोक बिथरले. देव म्हणून आतापर्यंत जे खपत होतं ते या एका हसण्याने उघडं पडलं. झोपलेली मुलगी, शेजारी फुशारकी मारणारा मुलगा आणि बघत उभे असलेले आपण. आता आपण रसिक राहिलो नाही, त्याचे साथीदार झालो.

जवळपास अर्धशतकानंतर एदुआर माने या चित्रकाराने हीच गोष्ट पुढे नेली. १८६३ च्या सालॉनमध्ये अलेक्झांद्र कबानेलची व्हीनस गाजली. लाटांवर पहुडलेली, डोळ्यांवर हात, पापण्या अर्धवट मिटलेल्या. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते चित्र विकत घेतलं. त्याच वर्षी सालॉनने नाकारलेल्या चित्रांचं वेगळं प्रदर्शन भरलं आणि त्यात मानेच्या चित्रात दोन सूटबूटवाल्या पुरुषांसोबत गवतावर बसलेली एक नग्न बाई सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होती. गदारोळ झाला. दोन वर्षांनी त्याची ‘ऑलिम्पिया’ लागली, तीही तशीच टक लावून. नग्नतेला सालॉनची हरकत कधीच नव्हती. व्हीनसचे डोळे मिटलेले असतात म्हणून आपल्याला निर्धास्त बघता येतं, या बाया मात्र उलट बघतात, ही खरी अडचण होती. एमिल झोला या लेखकाने कबानेलच्या देवीला बदामाच्या गुलाबी-पांढऱ्या मिठाईची मूर्ती म्हटलं ते उगाच नाही.

असं असलं तरी अकादमीवाले एवढ्यात हार मानणारे नव्हते. ज्याँ-लेओं जेरोमने १८९० च्या सुमारास पिग्मॅलियन आणि गॅलाटिया काढले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते आहे आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. कथा रोमन कवी ओव्हिडची : शिल्पकार स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो, देवी व्हीनस त्या पुतळ्यात प्राण घालते. चित्रात कारखान्यासारखी खोली आहे. ओट्यावर उभी असलेली मूर्ती कमरेतून वाकून शिल्पकाराला कवटाळतेय आणि तोही टाचा उंचावून तिच्यात बुडालाय. हे तर चक्क चुंबन, मग आपला हिशेब फसला का? नजर खाली न्या. तिच्या पाठीचा रंग गुलाबी, उबदार. मांड्यांपर्यंत येता येता तो फिका होतो आणि पोटऱ्या, पावलं अजून थंड पांढऱ्या संगमरवराची. तिला निघता येत नाहीये. अर्धी बाई, अर्धा दगड. तिला किती कळतंय, काय वाटतंय, हे आपल्याला समजायचा मार्गच नाही, कारण जेरोमने तिला आपल्याकडे पाठ करून उभं केलंय. तिचा चेहरा आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. मागे हवेत क्युपिड धनुष्य ताणून तयार, म्हणजे बाण मारणारा आधी आणि जिवंत होणारी नंतर. रंग बदलण्याची ती जी सीमा आहे तिथे जेरोमची सगळी शाळा पणाला लागलीय. ब्रशचा फटकारा न दाखवता दगडातून त्वचेत उतरायचं, हे काम नुसत्या भावनेने होत नाही.

जेरोमबद्दल आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याचा सासरा अदोल्फ गूपिल हा चित्रांच्या छापील प्रती विकणारा बडा व्यापारी. जेरोमचं चित्र प्रदर्शनात लागायचं आणि त्याच्या प्रती जगभर जायच्या. झोलाचा टोमणा असा होता, की हा गृहस्थ चित्रं काढतो तीच मुळी छापून विकण्यासाठी. टोमणा खोटा नव्हता. कडा स्पष्ट, गोष्ट सोपी, रंग गेला तरी अर्थ न जाणारं चित्र छापायला बरं पडतं.

इथून वाट आपल्याकडे येते. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) त्रावणकोरचे. पॅरिसच्या शाळेत ते कधी गेले नाहीत, तैलरंग बरेचसे बघून-बघून आणि स्वतःच्या हाताने शिकले. त्यांच्यासमोर युरोपातल्या अकादमिक चित्रांचे नमुने होते आणि कथा मात्र महाभारत आणि कालिदासाच्या. क्षण निवडण्याची विद्या त्यांनी पुरेपूर उचलली, नग्नता मात्र बहुतेक वेळा बाजूला ठेवली. मिटलेल्या डोळ्यांचं आणि उघड्या अंगाचं काम त्यांनी साडीच्या पदराकडून आणि मानेच्या वळणाकडून करून घेतलं.

त्यांची पायात काटा रुतल्याचं निमित्त करून थांबलेली शकुंतला आठवा. सख्या पुढे चालल्यात, ही पाय उचलून मागे वळलीय. मूळ नाटकात हा प्रसंग दुष्यंत स्वतः विदूषकाला रंगवून सांगतो : दर्भाचा अंकुर टोचला म्हणून ती मध्येच थांबली. त्याला कळलंय की काटाबिटा काही नव्हता. रविवर्म्यांनी काय केलं? दुष्यंतच चौकटीबाहेर ठेवला. सख्यांना माहीत नाही की ती का थांबली, आपल्याला माहीत आहे आणि जो बघायला हवा तो चित्रात नाही. जिरोदेने देवीला चांदणं केलं, यांनी राजाला फक्त एका नजरेची दिशा केलं. दमयंतीच्या चित्रातही नल कुठे नाही, आहे तो त्याची कीर्ती सांगणारा हंस.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये रविवर्म्यांना पौराणिक विषयांवरच्या चौदा चित्रांचं काम दिलं. शंतनू आणि गंगा, विश्वामित्र आणि मेनका या जोड्या त्यातल्याच. शंतनूच्या चित्रात तर आपला हिशेब अगदी उघडाच मांडलाय. नवरा कळवळून बायकोला थांबवू बघतोय, ती मूल नदीत सोडायला निघालीय. ती हे का करतेय ते तिला माहीत आहे, त्याला नाही आणि अट आहे की विचारायचं नाही. विचारलं की ती जाणार. ‘न बघण्याच्या’ अटीऐवजी ‘न विचारण्याची’ अट, इतकाच काय तो फरक.

पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछपाईचा छापखाना काढला, जर्मन तंत्रज्ञ आणून. त्यात चित्राचा प्रत्येक रंग वेगळ्या दगडावर उतरवायचा आणि कागद एकामागून एक त्या सगळ्या दगडांवरून काढायचा. सुरुवातीच्या चित्रांत शकुंतलेच्या जन्माचं चित्र होतं. काही वर्षांनी छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर कर्जापायी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. गूपिलच्या प्रती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जायच्या, मळवलीच्या प्रती चाळीतल्या खोल्यांपर्यंत पोचल्या. देवादिकांच्या जोडीने शकुंतला, दमयंती, मेनका घराघरांत टांगल्या गेल्या. त्यासाठी सालॉनचं तिकीट लागलं नाही.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तर प्लॅस्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन करायची पॅरिसचीच पद्धत रुजली आणि तिथे शिकून पुढे तिथेच शिकवणाऱ्या म. वि. धुरंधरांसारख्यांनी पौराणिक प्रसंग त्याच शिस्तीने काढले. युरोपात मात्र तोवर वारं फिरलं होतं. क्षणिक उजेड मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांनी बाजी मारली, पिको-कबानेल-जेरोम ही मंडळी ‘बंबवाले’ म्हणून हिणवली जाऊ लागली. चित्रांतल्या ग्रीक वीरांची शिरस्त्राणं आग विझवणाऱ्यांच्या टोप्यांसारखी दिसतात, अशी ती थट्टा. कित्येक चित्रं संग्रहालयांच्या गोदामात गेली. १९८६ मध्ये पॅरिसला ओर्से संग्रहालय उघडलं तेव्हा कबानेलची व्हीनस आणि मानेची ऑलिम्पिया दोघी पुन्हा एकाच छपराखाली आल्या आणि लोकांना त्या दोघींची नजर एका फेरीत ताडून पाहता येऊ लागली. पॅरिसला जाणं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी बडोदा जवळ आहे. महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात शंतनू-गंगा बघायला मिळतात, तेही मूळ तैलरंगातले. तिथे आधी गंगेचा चेहरा बघा आणि मग शंतनूचे हात.